न टोचलेल्या सुईची भरपाई

फ्लूची साथ आली त्या वर्षी, म्हणजे सत्तावन्न साली, मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. कारखान्यात सगळे पुरुष, बाई मी एकटी. रत्नागिरीहून पुण्याला येऊन नर्सिंग शिकले होते आणि सरकारी इस्पितळातल्या पाळ्यांना कंटाळून ही नोकरी धरली होती. माझ्या थोरल्या भावाला ती मुळीच पसंत नव्हती. दर पंधरा दिवसांनी त्याचं कार्ड यायचं. त्यात आधी घरच्या पावसापाण्याची दोन वाक्यं, आणि मग ‘लोखंडाच्या कारखान्यात मुलीच्या जातीने किती दिवस काढायचे’ हा प्रश्न. मी उलट टपाली फक्त पावसापाण्याबद्दल लिहायची.

तेव्हाची पिंपरी म्हणजे रेल्वे स्टेशन, फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वसाहत, दोन-चार नवे कारखाने आणि मधे बाजरीची शेतं. आमचे कामगार चिंचवड, आकुर्डी, देहूकडून सायकलीवर यायचे. चाकणच्या बाजूचे लोक इथेच चार-चार जणांत एक खोली करून राहायचे आणि सुट्टीला घरी जायचे. दवाखाना गेटाला लागून होता. दोन खोल्या. एकीत डॉक्टर बसायचे, दुसरीत मी, माझा स्टोव्ह, सुया आणि काचेच्या पिचकाऱ्या उकळायचं भांडं, माणसाचं वजन करायचा लोखंडी काटा आणि एक उंच लाकडी स्टूल. स्टुलाचा एक पाय हलायचा. मी सुतारखात्याला तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. तिसरीचं उत्तर आलं होतं: ‘काम क्रमाने होईल.’

साथ आली तशी एकेका खात्यातली माणसं आडवी व्हायला लागली. ताप, कणकण, खोकला. आठ दिवस माणूस उठायचा नाही. मॅनेजर घाबरले. त्यांनी मुंबईच्या ऑफिसला फोन करून करून लशीच्या काही बाटल्या मिळवल्या. त्या बर्फाच्या पेटीतून आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर ऑफिसातले दोन कारकून दोन्ही बाजूंनी चालत होते, जणू पेटीत नवरी बसली होती.

आता लस होती, पण घ्यायला कुणी येईना. कारखानाभर बातम्या फिरत होत्या. ही सुई घेतली की वर्षभर जड उचलता येत नाही. ही सुई घेतली की पोरं होत नाहीत. एकाने तर डॉक्टरांनाच येऊन विचारलं, “साहेब, ही लस कोंबडीच्या अंड्यात बनवतात म्हणे, खरं का?” डॉक्टर खरं बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, “हो.” त्या एका शब्दासरशी देहूकडच्या सगळ्या माळकरी मंडळींनी लशीचा नाद सोडला.

तेव्हा लेबर ऑफिसरसाहेबांना एक कल्पना सुचली. लेबर ऑफिसर म्हणजे कामगारांच्या तक्रारी ऐकणारा माणूस. आमचे साहेब पुण्याचे, वकिली शिकलेले आणि कुठलंही वाक्य सरळ न बोलणारे. ते म्हणाले, “सिस्टर, लोकमानस अनुकरणप्रिय असतं. आपण आधी वस्तादला टोचू.”

वस्ताद आमच्या भट्टीखात्यात होता. चाकणच्या पलीकडे त्याचं गाव. वय चाळिशीचं, मान अशी की शर्टाचं वरचं बटण कधी लागलं नाही. तरुणपणी त्याने गावोगावच्या जत्रांमधल्या कुस्त्या मारल्या होत्या आणि आता तो गावातल्या तालमीत पोरांना शिकवायचा. लालभडक लोखंड चिमट्याने उचलून तो असा चालायचा, जणू ताटातली पोळीच उचलली आहे. त्याने लस घेतली की अख्खा कारखाना घेणार, यात कुणाला शंका नव्हती. त्यालाही नसावी.

ठरल्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसं जमली. टोचून घ्यायला नव्हे, वस्तादला टोचताना बघायला. पण साहेबांनी त्यांना रांगेत उभं केलं, म्हणून ती रांग झाली. प्रत्येकाकडून एका छापील कागदावर सही नाहीतर अंगठा घेतला: ‘ही लस मी स्वखुशीने व स्वतःच्या जबाबदारीवर टोचून घेत आहे.’ डॉक्टर मॅनेजरांकडे चहाला गेले होते. ते म्हणाले होते, सुरू करा, मी येतोच.

वस्ताद आत आला. सदरा काढून त्याने खिडकीत ठेवला आणि स्टुलावर बसला. बाहेरून कुणी तरी ओरडलं, “वस्ताद, सुईच वाकंल बघा!” सगळे हसले. वस्तादही हसला.

मी पिचकारी भरली. रजिस्टरात त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली. खूण टोचल्यानंतर करायची असते. पण बाहेर एवढी रांग, हात भरलेले असणार, म्हणून म्हटलं आधीच करून टाकावी. ही माझी चूक. तिच्याबद्दल पुढे मला जे ऐकावं लागलं ते बरोबरच होतं.

मी त्याच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला.

“गार लागतंय,” तो म्हणाला.

“आता जरा टोचेल.”

“टोचू द्या की.”

मी पिचकारी उजेडाकडे धरली आणि आतली हवा काढली. सुईच्या टोकाशी औषधाचा एक थेंब आला आणि तिथेच थांबला. वस्तादची नजर त्या थेंबावर गेली. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून सांगते, त्याच्या तोंडावरचा रंग कपाळापासून खाली असा उतरत गेला, जणू कुणी तरी पडदा ओढतंय. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “बाई...” आणि त्याचे डोळे वर गेले.

स्टुलाचा पाय हलला, स्टूल कलंडलं, आणि तो देह वजनाच्या काट्यावर आदळला. पडताना त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि पिचकारी फरशीवर पडून फुटली. औषध फरशीवर. काट्याची सुई पलीकडच्या टोकाला जाऊन अडकली ती पुन्हा कधी सरळ झाली नाही.

व्हरांड्यातून एकच आवाज आला, “वस्ताद गेला!” मी त्याच्या तोंडावर पाणी मारत होते, नाडी बघत होते, पाच मिनिटांनी मान वर केली तर बाहेर एक चप्पल आणि दोन टोप्या होत्या. रांग नव्हती.

वस्ताद गेला नव्हता. तो शुद्धीवर आला, आणि पहिल्यांदा त्याने सदरा मागितला. तो अंगात घालायला हात उचलला तेव्हा ओरडला. गळ्याखालचं आडवं हाड मोडलं होतं.

डॉक्टर धावत आले. त्यांनी हात झोळीत बांधला, गाडी मागवली, वस्तादला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि मग माझ्याकडे वळले.

“किती दिलंत तुम्ही त्याला?”

“दिलंच नाही, डॉक्टर. त्याआधीच पडला.”

त्यांनी रजिस्टर उघडलं. “इथे खूण आहे.”

“ती मी आधी केली.”

“पिचकारी दाखवा.”

मी फरशीकडे बोट केलं. डॉक्टरांनी वाकून त्या काचा बघितल्या. मग म्हणाले, “माझा तुमच्यावर विश्वास आहे, सिस्टर. पण माझा विश्वास रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहू?”

थोडक्यात, सुई टोचली नव्हती हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी. दुसरा वस्ताद, आणि वस्तादने चार दिवसांत वेगळंच सांगायला सुरुवात केली होती. त्याला भेटून आलेले लोक सांगत, की सुई आत गेली तशी दंडातून आग निघाली, ती छातीत उतरली, तिथून मेंदूत गेली आणि पुढचं त्याला आठवत नाही. औषध घोड्याचं होतं. माणसाला दिलं असतं तर माणूस जागीच मेला असता. वस्ताद होता म्हणून हाडावर भागलं.

आठव्या दिवशी त्याचा अर्ज आला. युनियनच्या कारकुनाने सुंदर अक्षरात लिहिलेला. ‘कंपनीने टोचलेल्या जहाल औषधामुळे’ झालेल्या इजेबद्दल त्याने हाड जुळेपर्यंतचा पूर्ण पगार मागितला होता. शिवाय पैलवान माणसाची ताकद परत येण्यासाठी रोज दोन शेर दूध, पावशेर बदाम आणि तूप. शिवाय येत्या जत्रेत शिष्यांना घेऊन जाता येणार नाही, त्याबद्दल ‘मानाच्या फेट्याची किंमत कंपनी ठरवेल ती’.

हा अर्ज गेल्याचं कळताच दवाखान्यावर अर्जांचा पाऊस पडला. रांगेत नववा उभा असलेल्याने लिहिलं, की नुसत्या स्पिरिटच्या वासाने त्याच्या तोंडाची चव गेली आहे. एकाची दाढ दुखत होती. ती त्या दिवसापासूनच दुखते, असं त्याला आता आठवलं होतं. एकाने लिहिलं की पळताना त्याची चप्पल कंपनीच्या आवारात राहिली. ती खरंच राहिली होती. मी त्याला ती दिली.

आणि लस कुणीच घेईना. बाटल्या बर्फात पडून होत्या, रोज बर्फ बदलत होतो, आणि भट्टीखात्यात रोज एक-दोन माणसं तापाने कमी होत होती.

लेबर ऑफिसरसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर कायद्याचं जाड पुस्तक होतं.

“सिस्टर, परिस्थिती अशी आहे. लस घेतल्यामुळे त्रास झाला असेल, तर त्याने स्वतःच्या जबाबदारीवर म्हणून सही केलेली आहे. कंपनी बांधील नाही. मात्र लस चुकीची दिली गेली असेल, तर...” ते थांबले आणि माझ्याकडे फार सौजन्याने बघू लागले.

“तर माझी चूक.”

“तसं म्हणावं लागेल.”

“आणि लस दिलीच नसेल तर? नुसताच पडला असेल तर?”

“मग तो कामाच्या वेळी, साहेबांच्या हुकमावरून दवाखान्यात आलेला आणि कंपनीच्या स्टुलावरून पडलेला कामगार. मग अपघाताची भरपाई द्यावीच लागेल.” एवढं सरळ वाक्य तोंडून गेल्याचं त्यांनाच वाईट वाटलं. “अर्थात स्टूल सुस्थितीत होतं.”

“तीन चिठ्ठ्या आहेत, साहेब. तिसरीचं उत्तरही आहे.”

साहेबांनी पुस्तक मिटलं.

खोलीवर आले तेव्हा मला रडू यायला हवं होतं, आणि आलंही थोडं. पण त्यापेक्षा रागच जास्त आला. नोकरी गेली असती तर भावाकडे जायचं आणि तो सांगेल त्या मुलासमोर पोह्यांची बशी घेऊन उभं राहायचं. हे सगळं एका पैलवानाला सुईची भीती वाटली म्हणून! त्या रविवारी मी चाकणची एस.टी. पकडली.

चाकणला उतरले, बाजारातून बाहेर पडले आणि कांद्याने भरलेल्या बैलगाड्यांच्या धुळीतून दीडेक मैल चालले. वस्तादचं घर कुणीही दाखवलं. तो ओट्यावर बाजेवर बसला होता, हात झोळीत, आणि समोर सात-आठ माणसं बसून ऐकत होती. आग आता मेंदूतून खाली येऊन दोन्ही पायांत उतरली होती. मला बघून तो मधेच थांबला.

“ह्या आमच्या दवाखान्यातल्या बाई,” तो लोकांना म्हणाला. लोकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पदराखाली पिचकारी घेऊन आले आहे. मग एकेक जण काम आठवून उठून गेला.

त्याची बायको चहा घेऊन आली. लहानखुरी, चटपटीत बाई. तिने मला बसायला घोंगडी टाकली आणि स्वतः उंबऱ्यात बसून कांद्याच्या पाती खुडायला लागली.

“वस्ताद,” मी म्हणाले, “सुई टोचली नव्हती. तुम्हाला माहीत आहे.”

तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. “मला काय बी आठवत न्हाई.”

“ह्यांना काय आठवत न्हाई?” बायको उंबऱ्यातून म्हणाली. “लेकीचं कान टोचायला सोनार आला हुता तवाचं तरी आठवतंय का?”

“तू गप ऱ्हा.”

“अवो बाई, सोनारानं तार हातात घेतली मात्र, आन हे पडलं तिथं गोठ्यात. लेक राहिली बाजूला, सोनार ह्यांच्या तोंडावर पाणी मारत बसला. पायात काटा मोडला तर मी काढायचा, आन ह्यांनी भिंतीकडं तोंड करायचं. उभ्या गावाला ठावं न्हाई. मला ठावं हाय.”

वस्ताद मान खाली घालून बसला. एवढा मोठा माणूस इतका लहान दिसताना मी पाहिला नव्हता, आणि चाकणपर्यंत येताना जुळवून ठेवलेली माझी सगळी रागाची वाक्यं त्याच्याकडे बघून निसटून गेली.

“बाई,” तो म्हणाला, “तुमची नोकरी जाईल, व्हय ना? मला समजतंय. लई वाईट वाटतंय. पर असं बघा. कुस्तीत मी चितपट झालो, तर लोक म्हणत्यात समोरचा भारी हुता. सुईपुढं चितपट झालो म्हणल्यावर काय म्हणत्याल? तालमीत पोरं हायेत माझी.”

“नोकरी गेली तर मला घरी जावं लागेल. भाऊ लग्न लावून देईल.”

“मग वाईट काय त्यात?” त्याने मनापासून विचारलं.

“ते मला इचारा, त्यांना नगं,” त्याची बायको म्हणाली.

मग मी त्याला साहेबांनी सांगितलेला कायदा समजावला. सुईने पडलो म्हटलं तर सही आहे, काही मिळणार नाही. सुईआधी पडलो म्हटलं तर भरपाई मिळेल. त्याला ते पटेना. खोटं बोलून पैसे मिळत नाहीत आणि खरं बोलून मिळतात, असा कायदा त्याने ऐकला नव्हता. त्याने मला तो दोनदा सांगायला लावला.

“आन ते किती जणांम्होरं सांगावं लागंल?”

“साहेबांनी चौकशी ठेवलीय. तिथे तीन-चार जण असतील.”

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. निघताना त्याच्या बायकोने माझ्या पिशवीत शेरभर कांदे घातले आणि हळूच म्हणाली, “येत्याल हे. मी धाडून देते.”

गुरुवारी चौकशी होती. वस्ताद स्वच्छ पटका बांधून आला. खोलीत लेबर ऑफिसर, डॉक्टर, टायपिस्ट आणि मी. वस्ताद आधी उठून दोन्ही खिडक्या लावून आला, एका हाताने. ऑक्टोबरचा उकाडा, वर पंखा नाही. आम्ही सगळे घामाने निथळत होतो, पण कुणी खिडकीचं नाव काढलं नाही.

“स्टूल हललं म्हणून तुम्ही पडलात,” साहेबांनी विचारलं, “की तुम्ही पडलात म्हणून स्टूल हललं?”

वस्तादने माझ्याकडे पाहिलं. “दोन्ही एकदमच झालं, साहेब.”

“त्या आधी सुई टोचली होती का?”

टायपिस्ट बोटं वर धरून वाट बघत होता. वस्तादच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकापर्यंत आला, तो त्याने पुसला नाही.

“न्हाई.”

मी पदराने कपाळ पुसलं. डॉक्टरांनी हळूच माझ्याकडे पाहून मान हलवली.

“मग चक्कर कशाने आली? सकाळी काही खाल्लं नव्हतं का?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना त्याला वाट काढून द्यायची होती.

“चार भाकरी खाल्ल्या हुत्या,” वस्ताद म्हणाला. भाकरीच्या बाबतीत तो खोटं बोलू शकला नाही. “सुई दिसली, साहेब. म्हणून आली.”

साहेबांनी टायपिस्टला मजकूर सांगितला, “सुईच्या केवळ दर्शनाने अर्जदारास मूर्च्छा आली.”

“साहेब,” वस्ताद म्हणाला, “त्यातलं ‘केवळ’ काढा.”

“का?”

“लई भित्रं वाटतंय.”

साहेब वकील होते. त्यांनी ‘केवळ’ या शब्दाचं कायद्यातलं महत्त्व पाच मिनिटं समजावून सांगितलं. वस्ताद ऐकत होता आणि मान हलवत होता, नकारार्थी. शेवटी डॉक्टर म्हणाले, “अहो, काढा ते. दर्शन पुरे आहे.” ‘केवळ’ गेलं. वस्तादने सही केली.

भरपाई मिळणार हे साहेबांनी तिथेच सांगितलं. नियमात बसेल तेवढा पगार. दूध, बदाम, तूप आणि फेटा नियमात बसत नव्हते. मला रजिस्टरातल्या खुणेबद्दल लेखी ताकीद मिळाली. इतर अर्ज निकाली निघाले. दाढेवाल्याची दाढ डॉक्टरांनी काढवली.

वस्ताद उठला तेव्हा डॉक्टरांनी त्याला विचारलं, “तुमच्या खात्यातल्या त्या जोडीदाराला भेटलात का?” भट्टीवर वस्तादबरोबर कायम एकच माणूस काम करायचा, दोघं मिळून एक लोखंड धरायचे.

“का? काय झालं त्याला?”

“चार दिवस तापात आहे. काल मी बघून आलो. छाती भरलीय. निभावेल, पण कठीण होतं.” डॉक्टर रुमालाने मान पुसत होते. “लस घेतली असती तर... पण तुम्ही पडल्यावर कोण घेतो.”

ते टोमणा म्हणून बोलले नव्हते, थकून बोलले होते. वस्ताद एका हाताने पटका सावरत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलायच्या वेळी मी दवाखान्याच्या दारात उभी होते. भोंगा झाला. आतली पाळी बाहेर येत होती, बाहेरची आत जात होती, गेटावर सायकलींची गर्दी. बघते तर वस्ताद गेटाशेजारच्या सिमेंटच्या कट्ट्यावर चढलेला. चाकणला गेलाच नव्हता तो; जोडीदाराच्या खोलीवर राहिला होता.

“ऐका रे!” तो ओरडला. आखाड्यातला आवाज, सगळे थांबले.

“मला औषध लागलं न्हाई. औषध माझ्या अंगात गेलंच न्हाई. बाईंनी सुई टोचलीच न्हाई. मी सुई बघून भ्यालो आन पडलो.” तो थांबला. “आता हसा.”

कुणी हसलं नाही. मला वाटतं लोकांना हसायचं होतं, पण एवढा मोठा माणूस हसायची परवानगी देतोय म्हटल्यावर कुणाची हिंमत होईना. मग गर्दीतून मशीनशॉपमधला एक म्हातारा मिस्त्री, पांढरी दाढी, डोक्याला टोपी, शांतपणे म्हणाला, “वस्ताद, मी पण घाबरतो. म्हणून तर मी त्या दिवशी रांगेत सगळ्यात मागे होतो.”

तेव्हा हसण्याचा स्फोट झाला. एकाला सुई बघून घाम येतो, एकाला रक्त बघवत नाही, एक जण लग्नातल्या फोटोवाल्याच्या दिव्यालाही घाबरला होता. चारी बाजूंनी माणसं आपापली भीती ओरडून सांगत होती.

आवाज ऐकून बाहेर आलेल्या डॉक्टरांनी ती वेळ हेरली आणि मोठ्याने म्हणाले, “चला मग, आत्ताच घेऊ. रांग लावा.”

रांग लागली. खरी रांग. आणि पुढे उभा असलेला मिस्त्री मला म्हणाला, “बाई, आपने ली क्या?”

मी घेतली नव्हती. साऱ्या कारखान्याला टोचायच्या गडबडीत मला स्वतःला टोचायचं कुणालाच सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला सुचवलं नव्हतं. आता व्हरांडाभर माणसं माझ्याकडे बघत होती. मी बाही वर केली आणि नव्या, चांगल्या भक्कम खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी पिचकारी भरली. त्यांना स्वतःच्या हाताने टोचायची सवय राहिली नव्हती. आणि सुईच्या टोकावर तो थेंब आला. दुसऱ्याच्या हातातली सुई किती लांब दिसते हे मला तेव्हा कळलं. मी डोळे घट्ट मिटले.

“बाई बी मिटत्यात डोळं,” वस्ताद मोठ्या समाधानाने म्हणाला.

माझ्यानंतर त्याचा नंबर. तो खुर्चीवर बसायला तयार नव्हता. जमिनीवर सतरंजी घातली, तो आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी चांगल्या दंडावर बोळा फिरवला, टोचलं, सुई काढली, खूण केली.

“झालं, वस्ताद.”

“काय झालं?”

“टोचलं.”

“खरं?” तो उठून बसला. दंडाकडे बघायला धजावला नाही, पण रांगेकडे बघून त्याने मिशीवरून हात फिरवला. संध्याकाळपर्यंत मी बाटल्या संपवत आणल्या. माळकरी मंडळी तेवढी आली नाहीत. त्यांच्या वाटणीची लस शेजारच्या कारखान्याने मागून नेली.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडते तर वस्ताद चाकणच्या पहिल्या एस.टी.ने येऊन पायरीवर घोंगडी पांघरून बसलेला. डोळे लाल, दंड टेंगळासारखा सुजलेला. थर्मामीटर लावला, एकशे एक.

“बाई, ह्या बारीला खरंच झालं बघा. परवा रातच्याला थंडी वाजून ताप आला. दंड हलवता येईना. हा एक हात मोडका, ह्यो एक सुजका. बायको घास भरवतीय.”

“होतं असं कुणाकुणाला. दोन दिवसांत उतरेल.”

“न्हाई, उतरंल हो. मी म्हणत हुतो...” तो जरा पुढे सरकला. “ह्याचा अर्ज लिव्हावा का?”

“वस्ताद, ह्याला सही केलीत तुम्ही. स्वखुशीने, स्वतःच्या जबाबदारीवर.”

तो विचारात पडला. “म्हंजी सुई टोचली न्हाई तवा पैसं मिळालं. आन टोचून ताप आला तर न्हाई?”

“नाही.”

“असा कसा कायदा?”

मी म्हणाले, ते लेबर ऑफिसरसाहेबांना विचारा. तो म्हणाला, नको, ते समजावून सांगतील. मी त्याला तापाच्या दोन गोळ्या दिल्या आणि पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी धरला, कारण त्याला धरता येत नव्हता. गोळ्या गिळून तो पायरीवरच बसून राहिला. ऊन वर येत होतं. भट्टीखात्याकडे जाणारी माणसं थांबून त्याची विचारपूस करत होती, आणि तो प्रत्येकाला सांगत होता, की ताप औषधाचा आहे, भीतीचा न्हाई. पाहिजे तर बाईंना विचारा.